एअर शोमध्ये जुनी लढाऊ विमानं दिसणार का? आशा कोणत्या विमानावर ठेवायची, समजून घ्या

शहागंज (छत्रपती संभाजीनगर) : हवाई दलाचा एअर शो कुठंही जाहीर झाला की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरायला लागतात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर जानेवारी २०२४ मध्ये शो झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या तालुक्यांतही या गोष्टीची गोडी वाढली आहे. सूर्यकिरणची नऊ लाल-पांढरी विमानं, सारंगची हेलिकॉप्टरं हे तर सगळ्यांना माहीत झालंय. आता लोक पुढचं विचारतात. दुसऱ्या महायुद्धातली विमानं येणार का? स्पिटफायर दिसणार का? आणि गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे : मिग-२१ पुन्हा उडताना बघायला मिळणार का?

वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण भागातून लेकरं-बाळं घेऊन शंभर-दोनशे किलोमीटर जायचं, गाडीचं डिझेल जाळायचं, एक दिवसाचा खाडा करायचा, तर नेमकं काय दिसू शकतं अन् काय नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

थोडक्यात सांगायचं तर डकोटा दिसण्याची आशा ठेवायला हरकत नाही. हार्वर्ड दिसलं तर नशीब चांगलं. टायगर मॉथ आपल्या भागात येणं अवघड. स्पिटफायर आज तरी नाही. आणि मिग-२१ चं काय होणार, ते बऱ्याच अंशी आपण आत्ता काय मागतो त्यावर आहे. आता सविस्तर बघू.

हवाई दलाकडे चालू हालतीतली जुनी विमानं किती?

जुनं विमान असणं वेगळं अन् उडणारं जुनं विमान असणं वेगळं. आपल्या शहागंजच्या टॉवरचंच उदाहरण घ्या. टॉवर उभा ठेवायला गवंडी पुरतो, पण वरचं घड्याळ चालतं ठेवायला घड्याळाचा कारागीर लागतो, पार्ट लागतात अन् रोजचं लक्ष लागतं. विमानाचंही तसंच. चौकात, शाळेत, संग्रहालयात चौथऱ्यावर ठेवलेली विमानं देशभर आहेत. त्यांचं इंजिन काढलेलं किंवा कायमचं बंद असतं. ती रंगवून उभी करता येतात, उडवता येत नाहीत.

हवाई दलाचं जुन्या विमानांचं वेगळं पथक आहे, त्याला विंटेज फ्लाइट म्हणतात. दिल्लीजवळ हिंडनला ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाला हे पथक लोकांनी पाहिलेलं आहे. त्यात प्रामुख्यानं तीन विमानं.

पहिलं टायगर मॉथ. एकावर एक असे दोन पंख, लाकूड आणि कापडाचं अंग, बसायला दोन उघड्या जागा. इंजिन फक्त १३० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्या शिवारातल्या तीन ट्रॅक्टरांएवढं. हवाई दलाच्या जुन्या वैमानिकांची एक अख्खी पिढी यावर शिकली. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आलेलं हे विमान २०१२ च्या वायुसेना दिनाला पुन्हा उडालं.

दुसरं हार्वर्ड. हेही शिकाऊ वैमानिकांचंच, पण ६०० हॉर्सपॉवरचं. याचा आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. पंख्याची टोकं इतक्या वेगानं फिरतात की हवा फाडल्यासारखा कर्कश आवाज येतो.

तिसरं डकोटा. १२०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, शेपटीखाली छोटं चाक, उभं असताना नाक आकाशाकडं. हे लढाऊ नाही, मालवाहू विमान. पण याचा इतिहास कुठल्याही लढाऊ विमानापेक्षा कमी नाही.

डकोटाची गोष्ट

२७ ऑक्टोबर १९४७ ला काश्मीर वाचवायला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले, ते डकोटा विमानांतून. त्यातल्या विमानाचा नंबर होता व्हीपी ९०५. आज हवाई दलाकडं जे डकोटा उडतं त्याच्यावर हाच नंबर आहे आणि नाव आहे 'परशुराम'. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण फॉरवर्डमध्ये ती नेहमी चुकीची येते. हे विमान म्हणजे श्रीनगरला उतरलेलं तेच विमान नव्हे. हे १९४४ चं दुसरं डकोटा आहे. ते ब्रिटनमध्ये भंगारात जाण्याच्या बेतात होतं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते घेऊन दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्रीहून निघून थांबे घेत घेत जामनगरला उतरलं आणि ४ मे २०१८ ला हिंडनला दाखल झालं. विमान वेगळं, नंबर त्या पराक्रमाचा.

डकोटाचं आपल्या माणसांशीही नातं आहे. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीधारी जवान उतरवले गेले. ती बटालियन २ पॅरा, मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. त्या दिवशीच्या विमानांत डकोटाही होती. म्हणूनच २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला पुढं एक डकोटा आणि मागं दोन डॉर्निअर अशी रचना उडाली, तिला 'टांगाइल' नाव दिलं होतं.

आपल्या भागात येण्यात अडचण काय?

अडचण पहिली, अंतर. दिल्लीहून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास आहे. डकोटा ताशी तीनशेच्या आसपास वेगानं चाललं तरी साडेतीन-चार तासांत येतं आणि एका टाकीत दोन हजार किलोमीटरच्या वर जाऊ शकतं. म्हणजे मध्ये थांबायची गरज नाही. टायगर मॉथचा वेग ताशी दीडशेच्या आत आणि एका टाकीत जेमतेम पावणेपाचशे किलोमीटर. म्हणजे किमान दोन ठिकाणी उतरून तेल भरायचं, उघड्या जागेत बसून सात-आठ तास उडायचं, अन् शो झाला की तेवढंच परत जायचं. समोरून वारा असला तर आणखी जास्त.

चेन्नईला ६ ऑक्टोबर २०२४ ला मरीना बीचवर मोठा शो झाला. त्याच्या जाहीर कार्यक्रमात जुन्या विमानांपैकी डकोटा आणि हार्वर्ड ही नावं होती. चेन्नई तर आपल्यापेक्षाही लांब. म्हणजे ही दोन विमानं दक्षिणेपर्यंत नेण्याची तयारी हवाई दल ठेवतं. आपली आशा टिकते ती याच्यावर.

अडचण दुसरी, तेल. आजच्या जेट विमानांना लागतं ते एटीएफ, म्हणजे रॉकेलच्या जातीचं इंधन. जुन्या पंख्याच्या इंजिनांना एटीएफ चालत नाही. त्यांना अवगॅस लागतं, ते पेट्रोलच्या जातीचं. डिझेल इंजिनात पेट्रोल टाकलं तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. अवगॅस आपल्याकडं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलनं सप्टेंबर २०२२ मध्ये देशात तयार केलेलं अवगॅस बाजारात आणलं, ते वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं. तरी ते प्रत्येक विमानतळावर मिळतंच असं नाही. शो ठरला की ते आधी पोचवून ठेवावं लागतं.

अडचण तिसरी, हवा आणि धावपट्टी. टायगर मॉथ गवताच्या मैदानावर उतरायला बनवलेलं. मूळ विमानाला चाकाचे ब्रेक नाहीत, शेपटीला चाकाऐवजी घसरतं पाय. बाजूनं वारा सुटला की त्याला सरळ धरणं अवघड. त्यात आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. उन्हाळ्यात चाळीस अंशाला हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिन तापतं. म्हणून असे कार्यक्रम थंडीत ठेवलेले बरे.

अडचण चौथी, पार्ट आणि माणसं. कंपनी बंद पडलेल्या जुन्या ट्रॅक्टरचा एक गिअर शोधायला माणूस किती भंगारवाले पालथे घालतो? इथं तर ऐंशी वर्षांपूर्वीची इंजिनं. हार्वर्ड आणि डकोटाच्या इंजिनांत सिलिंडर गोल, ताऱ्यासारखे बसवलेले असतात. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर मारलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा हातानं फिरवून बघतात. ही असली कामं पुस्तकात वाचून येत नाहीत. जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली नव्यानं शिकावी लागतात.

जाहीर होऊनही ऐनवेळी का येत नाहीत?

यावर लोक नाराज होतात, 'फसवलं' म्हणतात. पण जुन्या विमानाच्या बाबतीत 'आज नाही उडवत' म्हणणारा माणूसच खरा शहाणा. ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर हे जुनं जेट गिरकी घेताना रस्त्यावर कोसळलं. ११ जणांचा जीव गेला, ते सगळे जमिनीवरचे लोक होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलसला दुसऱ्या महायुद्धातली दोन विमानं हवेत धडकली आणि ६ जण गेले. अशा घटनांनंतर नियम कडक झाले आणि ते बरोबरच झालं.

म्हणून जुनं विमान दिसलं तरी ते सूर्यकिरणसारखं कोलांट्या मारेल अशी अपेक्षा ठेवू नये. ते संथ येतं, एक-दोन फेऱ्या मारतं, जातं. इंजिनातून थोडं तेल गळालं, वारा बदलला, ढग खाली आले, तर तेही होत नाही. कार्यक्रमपत्रिकेत नाव असणं म्हणजे शब्द नव्हे, इच्छा आहे असं समजावं.

स्पिटफायर गेली कुठं?

ही विमानं आपल्याकडं नव्हतीच असं नाही. दिल्लीच्या पालम इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात स्पिटफायर आहे. १९८० च्या दशकात ते उडतही होतं. मग बंद झालं ते झालंच.

मराठवाड्याचा तर या विमानांशी जुना संबंध. आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात. पहिल्या महायुद्धात निजामानं ब्रिटनच्या एका अख्ख्या तुकडीला विमानं दिली, म्हणून त्या तुकडीचं नाव ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन पडलं. त्यातलं एक विमान आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातही १५२ आणि २५३ या दोन तुकड्यांना हैदराबादचं नाव होतं. १९४० मध्ये २५३ तुकडीत लढलेलं एक हरिकेन विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१७ मध्ये पुन्हा उडालं. निजामाचा पैसा म्हणजे शेवटी संस्थानातल्या रयतेचा सारा. आपल्या आज्या-पणज्यांच्या शेतसाऱ्याचा अंश त्या तुकड्यांच्या नावामागं आहे असं म्हटलं तर चूक होणार नाही.

पुढं सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा भारतीय हवाई दलानं टेम्पेस्ट नावाची लढाऊ विमानं वापरली. ती पुढं भंगारात पडून राहिली. काहींचे सांगाडे १९७० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनला गेले आणि भारतीय हवाई दलात राहिलेलं एक टेम्पेस्ट २०२३ मध्ये तिकडं पुन्हा आकाशात गेलं.

बनारस हिंदू विद्यापीठाची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकावी अशी. इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकायला दिलेलं एक हरिकेन तिथं आवारात वर्षानुवर्षे पडून होतं. १९८२ मध्ये पीटर व्हॅचर नावाच्या इंग्रज माणसाच्या नजरेला ते पडलं. ते विमान १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत प्रत्यक्ष लढलेलं निघालं. २००१ मध्ये त्यांनी ते नेलं आणि २००४ मध्ये उडवलं. आपल्याला जे लोखंड वाटलं, ते त्यांना सोनं वाटलं.

पुण्याचंही ऐका. महायुद्ध संपल्यावर परदेशी सैन्यानं कानपूरला लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या, म्हणजे आजच्या एचएएलच्या लोकांनी त्यातली चाळीसच्या आसपास पुन्हा उडती केली. पुण्यातल्या तुकड्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. १९६८ च्या शेवटी ती निवृत्त झाली, तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्या हवाई दलाकडं ती उरली नव्हती. अमेरिकेत जे लिबरेटर एअर शोमध्ये बघायला लोक वर्षानुवर्षे रांगा लावायचे, ते याच भारतीय विमानांपैकी एक. टाकून दिलेलं आपण उडवलं, अन् उडतं ठेवायची वेळ आली तेव्हा ते दुसऱ्यांनी नेलं.

आता पाळी मिग-२१ ची

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ मध्ये आलेलं विमान ६२ वर्षांनी थांबलं. हे विमान आपल्यासाठी नुसतं रशियन नाही. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठी. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. शेकडो विमानं ओझरला तयार झाली. नंतर त्यांचं ओव्हरहॉल आणि बायसन नावाची सुधारणाही तिथंच झाली. वैजापूर-येवला मार्गे चार तासांवरचं गाव आहे हे.

मग ते उडवता येणार नाही का? अमेरिकेत खासगी मालकांनी मिग-२१ उडवलेली आहेत, म्हणजे अशक्य नाही. पण टायगर मॉथ उडवणं अन् मिग उडवणं यात बैलगाडी अन् रेल्वेएवढा फरक आहे. एकच इंजिन, ते बंद पडलं तर वैमानिकाला बाहेर पडावं लागतं आणि विमान कुठं पडेल ते सांगता येत नाही. उतरतानाचाच वेग ताशी तीनशेच्या आसपास. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतल्या काडतुसांची मुदत संपते, ती बदलावी लागतात. इंजिनाचे तास मोजलेले असतात. या विमानाच्या अपघातांत आपण तरुण वैमानिक गमावलेले आहेत. शोच्या हौसेपायी गर्दीवर ते उडवावं असं म्हणवत नाही.

पण चौथरा आणि आकाश यांच्या मध्ये आणखी एक वाट आहे. ब्रिटनमध्ये व्हल्कन नावाचं मोठं बॉम्बर विमान लोकांच्या वर्गणीतून २००७ ते २०१५ उडत होतं. पुढं तांत्रिक आधार द्यायला कंपन्या तयार राहिल्या नाहीत, तेव्हा उडणं बंद झालं. तरी त्याच जातीचं दुसरं व्हल्कन वेल्सबोर्नला अजून चालू हालतीत ठेवलंय. इंजिन सुरू करायचं, धावपट्टीवर वेगात पळवायचं, पण जमीन सोडायची नाही. लोक तेही बघायला जातात, कारण कानाला खरा आवाज अन् छातीला खरा हादरा मिळतो.

ओझरला धावपट्टी आहे. मिग-२१ वर आयुष्य काढलेले फिटर, टर्नर, इंजिनवाले त्या भागात आहेत. काही निवृत्त झालेत, काही होतील. एक मिग-२१ तिथं जमिनीवर चालू हालतीत ठेवायचं ठरवलं, तर आज शिकवणारे हात आहेत. पंधरा वर्षांनी विमान असेल, हात नसतील. स्पिटफायरचं तेच झालं. म्हणून चौकात उभं करायला मिग मागणाऱ्या ग्रामपंचायती, नगरपालिका, पुढारी यांनी त्यासोबत ही मागणीही करावी. चौथऱ्यासाठी अर्ज कितीही येतील, इंजिन जिवंत ठेवण्यासाठी अर्ज करणारं कुणीतरी पाहिजे.

शोला जाणार असाल तर

- फॉरवर्डवर जाऊ नका. हवाई दल, संरक्षण विभागाचं जनसंपर्क कार्यालय किंवा जिल्हा प्रशासन यांनी जाहीर केलेली यादीच खरी धरा. यादीत 'डकोटा' किंवा 'हेरिटेज विमान' असा शब्द आहे का बघा.
- शोच्या आदल्या एक-दोन दिवशी सराव असतो. गर्दी टाळायची असेल तर तो दिवस बरा.
- पाणी, टोपी, लेकरांसाठी खायला सोबत ठेवा. चेन्नईच्या शोला उन्हानं आणि गर्दीनं पाच जणांचा जीव गेला, विमानानं नाही.
- उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नका. त्यावर घारी-कावळे जमतात आणि पक्ष्याची धडक जुन्या इंजिनाला झेपत नाही.
- ड्रोन उडवू नका. तो गुन्हा तर आहेच, वरच्या वैमानिकाच्या जिवाशी खेळही आहे.
- पत्र्याच्या शेडवर, कठडे नसलेल्या गच्चीवर चढू नका. जुनी विमानं खालून अन् संथ जातात, मैदानातूनही नीट दिसतात.

आणि डकोटा आलंच, तर मोबाईल थोडा वेळ खाली ठेवून आवाज ऐका. दोन्ही पंख्यांची ती घरघर आता देशात फार कमी ठिकाणी ऐकायला मिळते.